कोठाराबाबत माझी हरकत

३ मार्च

धाकट्या,

तुला पुन्हा पत्र लिहायचं नाही असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायची मला सवय नाही. आज मोडतेय ते तुझ्यासाठी नाही, कोठारासाठी. तेव्हा पाकीट बघून हुरळून जाऊ नकोस. आणि फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आज सकाळी त्यांनी पूर्वेचं मोठं दार काढलं. भरल्या गाड्या ज्यातून आत जायच्या, ते. एकेक कवाड उचलायला चार माणसं लागली. बिजागऱ्या निघेनात म्हणून यंत्राने कापल्या, आणि तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात असा येत होता की जणू माझीच दाढ कोरतायत. त्यात विनोद असा, की कोठार घेणारी बाई दातांची डॉक्टर आहे. गावाने तिचं नाव 'दातवाली' ठेवलंय. गावाने म्हणजे मी.

चार वर्षं तिची परवानग्यांत गेली, तेव्हा मला वाटलं होतं की कंटाळून जाईल. नाही गेली. तिला तिथे राहायचंय. कोठारात! नवऱ्याला घेऊन, मांजराला घेऊन. कचेरीबाहेरच्या फळ्यावर नकाशा लावलाय, तो मी चष्मा पुसून दोनदा वाचला. दाराच्या जागी जमिनीपासून छपरापर्यंत काच. खळ्यावर, जिथे आपण मळणीच्या दिवसांत नाकातोंडात भुसा जाईपर्यंत नाचलो, तिथे गरम होणारी फरशी. माणसाला ताप आला तर डॉक्टर बोलावतात, इथे डॉक्टरणीने फरशीलाच ताप आणलाय. माळ्यावर उघडी न्हाणी, मधोमध टब. आणि गव्हाण, धाकट्या! अख्ख्या एका दगडात कोरलेली आपली गव्हाण. तिला खाली भोक पाडून, वर नळ लावून बेसिन करणार आहेत. गायींनी शंभर वर्षं चाटून जो दगड गुळगुळीत केला त्यात ही बाई चूळ भरणार.

हे सगळं कोणामुळे, ते मी सांगायला नको. कोण तीन दिवसांसाठी आलं, कोणी कागदावर सही ठोकली आणि कोण परत बंदरावरच्या क्रेनवर जाऊन बसलं, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी सांगत फिरत नाही. कोणी विचारलं तर सांगते.

आता कामाचं. जुन्या वास्तूंच्या खात्यात मी हरकत दिली आहे. दोनशे वर्षांची दगडी इमारत त्यांच्या यादीत आहे, तिला असं सोलता येणार नाही असं माझं म्हणणं. खात्याचं म्हणणं की तुम्ही एकट्या वारस नव्हता, भावाचं निवेदन जोडा. म्हणून हे पत्र. एका पानावर एवढंच लिही: दोन्ही मोठी दारं आपल्या आठवणीपासून समोरासमोर होती, वारा आरपार जाऊन धान्य उफणता यावं म्हणून. भिंतीत झरोके अठ्ठावीस. छपराखाली घुबडासाठी सोडलेलं भोक, उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून. खाली सही आणि तारीख. तुझी मतं लिहू नकोस, ती कोणी मागितलेली नाहीत.

परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलंय. तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, तेव्हा तिकीट कमी पडलं ही सबब माझ्यापुढे चालणार नाही.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

निवेदन मिळालं. ठीक आहे. सोबतचं पत्र चार ओळींचं, त्यातल्या दोन समुद्रावरच्या वाऱ्याला दिलेल्या. एका ओळीत 'निवेदन जोडलंय', ते मला दिसतच होतं. आणि शेवटी 'ताई, गुडघा कसा आहे?' माझ्या गुडघ्याशी तुझा काही संबंध उरलेला नाही. बरा आहे.

तू झरोके अठ्ठावीस न लिहिता एकतीस लिहिलेस. मला आधी संताप आला, म्हटलं हा तिकडे बसून मला कोठार शिकवतोय. बाहेरून चक्कर मारून मोजले. एकतीसच आहेत. असो. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, तिचा उपयोग चांगल्या कामी झाला असता तर बरं झालं असतं.

दातवाली परवा घरी आली होती. हातात डबा, डब्यात केक. दारातूनच म्हणाली, "काकू, येऊ का आत?"

काकू! माझ्याहून ती फार तर पंधरा वर्षांनी लहान असेल. मी म्हटलं, "आलातच आहात, तर या."

बसली. भिंतीकडे, कपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडे कोठारातली जुनी अवजारं असतील ना? विळे, दाताळं, असं काही. मला भिंतीवर लावायची आहेत."

दातवालीला दाताळं हवंय! मी हसू दाबलं. "कशाला?"

"आठवण म्हणून."

"कोणाची?"

ती जरा गडबडली. "म्हणजे... त्या जागेची."

"अहो बाई, त्या दाताळ्याने गवत ओढायचं असतं. भिंतीवर टांगून ते कोणाला काय आठवून देणार? आणि जागेची एवढी माया होती तर दार कशाला कापलंत?"

"दार खालून कुजलं होतं, काकू. मी ते टाकलेलं नाही, शेडमध्ये ठेवलंय. तुम्ही एकदा आत येऊन बघा ना. कुठे काय होतं ते मला सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय. तुमचे वडील जिथे..."

मी म्हटलं, "माझा पाव आणायचा राहिलाय," आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आले. पाव मी सकाळीच आणला होता. पण कोणाच्या घरात काय आहे नि काय नाही याची चौकशी करायला तिला कोणी बोलावलं होतं? केक पाखरांना घातला. थोडा चाखला. साखर जास्त.

मी आत गेले नाही आणि जाणारही नाही. तिथे सगळा चिखल आहे.

पाववालीच्या दुकानात माझा हरकतीचा कागद ठेवलाय. एक्केचाळीस सह्या झाल्या. तुला पाववाली आठवत असेल, पाव भाजून होईपर्यंत गावाची बातमीही भाजून तयार ठेवते ती. मला म्हणाली, "धाकटा असं कसं करू शकला गं? इथेच तर वाढला." मी म्हटलं, "लांब गेलेल्या माणसाला दगड आणि माती सारखीच." वाक्य चांगलं होतं म्हणून तुला कळवतेय.

सुनावणी सात एप्रिलला, शाळेच्या हॉलमध्ये. बघच आता.

ताई

८ एप्रिल

धाकट्या,

सुनावणी काल झाली. खात्याचे साहेब म्हणजे उंटावरचा शहाणा. वयाने माझ्या निम्मा, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एकही नीट चालत नव्हतं. निर्णय नंतर कळवणार आहेत. जास्त लिहीत नाही, मला सर्दी झाली आहे.

तुला गावातून कोणाचा फोन आला तर उचलू नकोस. लोकांना उद्योग नाहीत.

ताई

११ एप्रिल

धाकट्या,

सर्दी नव्हती.

तुला एव्हाना कोणीतरी कळवलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐक. इतरांच्या तोंडून ते आणखी वाईट वाटेल.

छत्तीस जण आले होते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते सगळे. दातवाली आणि तिचा नवरा खिडकीपाशी. मी पाऊण तास बोलले. खोटा विनय कशाला, झकास बोलले. दारं, झरोके, घुबड, गव्हाण, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. तिथे थांबले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण टाळी वाजली की माणसाची जीभ सुटते. मी पुढे म्हटलं, "आणि ही वास्तू गावाला न विचारता, सख्ख्या बहिणीला न विचारता, एका माणसाने परस्पर विकली!"

साहेबांनी फाईल उलटी केली, मागून पानं चाळली आणि एक कागद बाहेर काढला. "बाई, ही सही तुमचीच ना?"

"कसली?"

"विक्रीच्या परवानगीच्या वेळी तुम्ही खात्याला पत्र दिलं होतं. वाचू का?"

मला तो कागद लांबूनही ओळखू आला. तेव्हाच बसायचं, तर मी म्हणाले, "वाचा की. मी काय कोणाला भिते?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

त्याने वाचलं. अडखळत वाचलं असतं तरी चाललं असतं, पण माझं अक्षर स्वच्छ. 'सदर इमारत आम्हाला नको आहे. माझा धाकटा भाऊ विकायला तयार नव्हता, निवृत्त झाल्यावर तिथेच येऊन राहायचं त्याच्या मनात होतं. त्याला मी राजी केलं आहे. कृपा करून परवानगी लवकर द्यावी. रोज समोर दिसतं, ते मला सहन होत नाही.' खाली माझी सही आणि तारीख.

पाववाली पहिल्या बाकावर होती. म्हणाली, "म्हणजे धाकट्याने नाही?" तिने मोठ्याने विचारलं नव्हतं, पण हॉल इतका शांत होता की मागच्यांनीही ऐकलं. कोणीतरी पुटपुटलं, "चोराच्या उलट्या बोंबा." मी वळून पाहिलं नाही, कोण होतं ते मला जाणून घ्यायचं नाही.

लोक उठले, एकेक करून गेले. माझी पिशवी बाकाखाली पडली होती, ती दातवालीने उचलून माझ्या हातात दिली. एक शब्द बोलली नाही. काहीतरी लागट बोलली असती तर मी तिला तिथेच फाडून खाल्लं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त राग त्याचा आला.

तुला हे सगळं आधीपासून ठाऊकच होतं. तरी मी पहिल्या पत्रात तुलाच विचारलं, कोणी सही ठोकली म्हणून. तू वाचलंस, निवेदन लिहिलंस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. धाकट्या, चार वर्षं एकच गोष्ट सांगत राहिलं की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते. मला लागली होती. शपथेवर सांगते, हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा मी खोटं बोलतेय असं मला वाटतच नव्हतं.

आता दुसरं. हे कुठल्याही फाईलमध्ये नाही.

बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, अठ्ठ्याहत्तर वय, माळ्यावर पाय सटकला. मी मान हलवली. तू येऊन विचारलंस, "ते वर कशाला चढले?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी घरात होते." तू आधीच्या सुट्टीत बजावून गेला होतास, ताई, त्यांना माळ्यावर चढू देऊ नकोस.

छप्पर तीन दिवस गळत होतं. बियाण्याच्या पोत्यांवर पाणी पडत होतं आणि ते रोज उद्या, उद्या म्हणत होते. त्या सकाळी ते चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा. म्हातारपण आलंय म्हणावं आणि सुताराला बोलवावं. त्यात लाज कसली?" सुताराला बोलवायचंच होतं तर मीच बोलवायचं, तो काय परमुलखात राहतो? पण मला टोचायचं होतं. तीन दिवसांचा राग होता.

बाबांनी कप अर्धाच ठेवला. "होत नसेल म्हणजे?" म्हणाले आणि निघाले. मी थांबवलं नाही. भांडी घासत राहिले. आवाज झाला तेव्हा मला वाटलं पोतं पडलं.

त्यानंतर ते कोठार रोज सकाळी खिडकीतून माझ्याकडे बघायचं. म्हणून तुझ्या मागे लागून विकायला लावलं. आणि विकल्यावर गावात कोणी विचारलं, की का विकलंत, तर त्याला मी काय उत्तर देणार होते? तुझं नाव तोंडात आलं. तू लांब होतास. सोपं होतं.

आता तुला कळलं. यापुढे तू पत्र लिहिलं नाहीस तरी माझी हरकत नाही.

ताई

२ मे

धाकट्या,

सहा पानं! समोर बसून तू मला जन्मात कधी सहा पानं बोलला नाहीस. मी ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तू लिहितोस, 'ताई, गावात तुला राहायचंय, मला नाही. मग बोल माझ्यावर असलेला बरा.' वा! हा शहाणपणा तुला कोणी शिकवला? क्रेनवर इतक्या उंच बसून माणूस साधू होतो का? मी तुला दुकानात, रस्त्यात, पोस्टात, जिथे जाईन तिथे धुऊन काढत होते आणि तू तिकडे बसून माझी सोय बघत होतास! एकदा तरी म्हणायचं होतंस, 'ताई, तू खोटं बोलतेस.' मी आकांडतांडव केलं असतं, फोन आपटला असता, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी मिटलं असतं. तू भांडला नाहीस म्हणून चार वर्षं गेली. मोठेपणा दाखवायचा मान घरात माझा आहे, तुझा नाही.

आणि तिसऱ्या पानावरचं ते. ते तू इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंस?

मी तुझंच वाक्य पुन्हा लिहितेय, कारण मला ते लिहिल्याशिवाय खरं वाटत नाही. 'त्या सकाळी बाबांचा मला फोन आला होता, शिडीपाशी उभं राहून केलेला. म्हणाले, तुझी ताई मला म्हातारा म्हणते, आता दाखवतोच तिला. हसत होते. मीही हसलो. म्हटलं, चढा, पण जपून. चढू नका असं म्हणालो नाही.'

म्हणजे मी त्यांना टोचून पाठवलं हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू मला विचारलंस, मी तोंडावर खोटं बोलले, आणि तू मान खाली घातलीस. मला वाटलं तुला माझा संशय आलाय. आणि तू मान खाली घातली होतीस ती स्वतःच्या त्या तीन शब्दांसाठी!

कमाल आहे, धाकट्या. एका घरात वाढलेली दोन शहाणी माणसं, दोघांनी दोन वेगळी गाठोडी बांधली आणि एकमेकांना दिसू नयेत म्हणून चार वर्षं बोलणं टाकलं. मला रडू यायला हवं होतं, पण रागच येतोय. तुझा, माझा, आणि बाबांचाही. हसत होते म्हणे! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुलीवर कुरघोडी करायला शिडी चढतात आणि वर मुलाला फोन करून सांगतात!

ते हसत होते हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ते दुखावून गेले. हे तू आधी सांगायला हवं होतंस. बाकी काही नसतं सांगितलंस तरी हे सांगायचं होतंस.

काल पाववालीकडे गेले. सुनावणीपासून ती मला पाव देते आणि मान वळवते. दुकानात सहा जण होते. मी म्हटलं, "जरा ऐका. कोठार माझ्या भावाने विकलं नाही. त्याला ते हवं होतं. मी विकायला लावलं आणि मीच त्याच्यावर ढकललं."

पाववाली म्हणाली, "ते आम्ही हॉलमध्ये ऐकलंय."

"हॉलमध्ये साहेबांनी सांगितलं. आता मी सांगतेय."

तुझ्याबरोबर शाळेत होता तो खाटीक एवढंच म्हणाला, "मी त्याला मागच्या वर्षी फोनवर नको नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं." मी म्हटलं, "मग आता पुन्हा फोन कर." पाववालीने पाव बांधून दिला. या वेळी मान वळवली नाही, पण हसलीही नाही. मलाही ती एवढ्यात हसायला नकोच आहे.

खात्याचा निर्णय आला. काच लावायला परवानगी, न्हाणीला परवानगी. गव्हाणीला भोक पाडायला मनाई, आणि घुबडाचं भोक बुजवायचं नाही. तीन पेनांच्या साहेबाला थोडी अक्कल आहे म्हणायची. मी ही हार मानत नाही. गव्हाण वाचली.

उत्तर लिही. चार ओळी चालणार नाहीत.

ताई

२४ मे

धाकट्या,

गेल्या सोमवारी सकाळी सुतार माझ्या दारात आला. आपलाच सुतार, त्या दिवशी ज्याला मी बोलावलं नव्हतं तो. आता दातवालीचं काम करतो. टोपी हातात धरून म्हणाला, "ताई, जरा कोठारात येता का?"

"मी नाही येत तिथे."

"माहीत आहे. म्हणूनच मी स्वतः आलो. तुम्ही बघितल्याशिवाय मी ते हलवणार नाही, आणि माझं काम अडलंय."

"काय आहे?"

"इथे सांगून कळायचं नाही."

मी त्याला बरंच काही ऐकवलं, की माझी थट्टा पुरे झाली, की दातवालीने पाठवलंय का, की मला कामं आहेत. तो टोपी धरून तसाच उभा राहिला. शेवटी चपला घातल्या.

चिखल नव्हता. मीच ते तुला लिहिलं होतं, पण तिथे चिखल कधीच नव्हता. खळ्याच्या दगडी फरशा तशाच आहेत, एका बाजूला नंबर घालून रचून ठेवल्यात, पुन्हा त्याच क्रमाने बसवायला. मला त्या जागेकडे बघायचं नव्हतं, बघितलं. फक्त जमीन होती.

सुताराने माळ्याची एक तुळई खाली उतरवून दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती. माळ्याच्या फळ्या जिच्यावर बसतात, ती पश्चिमेची. मला म्हणाला, "वरून हात लावा." लावला. दगडासारखी टणक. वाजवून बघितली, खणखणीत. मग त्याने ती उलटी केली.

तिचं जे टोक भिंतीत होतं, ते आतून नव्हतंच. शेंगेतले दाणे काढून घ्यावेत तसं पोकळ. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. पाणी भिंतीतून झिरपत होतं, माळ्यावरून दिसणारी गळती वेगळी आणि ही वेगळी. "वीस वर्षांचं तरी काम आहे हे," सुतार म्हणाला. "वरून कोणालाच कळलं नसतं. मलाही नाही."

"मग?"

"मग बाबांचा पाय सटकला नाही, ताई. त्यांनी पाय टाकला आणि ही तुळई चार बोटं खाली बसली. हे बघा, दगडावर घासल्याची खूण. फळी एका बाजूने उचलली गेली. नंतर तुळई तिथेच अडकून राहिली, आणि वर जाऊन बघितलं कोणी? मला बोलावलं असतंत तर मी चढलो असतो. मी बाबांपेक्षा दुप्पट वजनाचा." त्याने तुळईवर हात ठेवला. "गेले चार दिवस मी हाच विचार करतोय."

मी त्याच्यावरच ओरडले. का ते विचारू नकोस. म्हटलं, त्या तुळईखाली मी तीस वर्षं गायीची धार काढली, तुम्ही सगळे सुतार झोपला होतात का? दातवाली शिडीवरून खाली आली, एक उलटी बादली आणून माझ्या मागे ठेवली, आणि मी बसले. तिने या वेळीही काही विचारलं नाही. मग मीच तिला सांगितलं की पोती कुठे असायची, शिडी कुठे असायची, बाबा कुठे बसून विळ्यांना धार लावायचे. ती पेन्सिलने भिंतीवर खुणा करत गेली. कोपऱ्याबद्दल तिने चुकीचं लिहिलं, ते मी खोडायला लावलं.

घरी येऊन मी दोन दिवस विचार केला. मी त्यांना टोचलं, हे काही या लाकडाने पुसलं जात नाही. कप अर्धाच राहिला, तो राहिलाच. पण तुळई माझ्या बोलण्याने कुजली नव्हती. आणि तू 'चढू नका' म्हणाला असतास तरी त्यांनी ऐकलं नसतं, हे तुला आणि मला दोघांनाही चांगलं माहीत आहे. तुझं ऐकायला ते काय माझ्यासारखे समंजस होते?

तू मागच्या पत्रात लिहिलंस, की माझी पत्रं वाचून बरं वाटतं पण रात्रीचं पुन्हा तेच आठवतं. शब्दांनी तुझं समाधान व्हायचं नाही, हे मला कळलं. म्हणून सुताराला ते टोक वीतभर कापून द्यायला सांगितलं. आज पार्सल केलंय. जुन्या चादरीत गुंडाळून, वर पुठ्ठा, दोरीला चार गाठी. काउंटरवरच्या मुलीने 'आत काय' असं विचारलं, मी लिहिलं 'लाकूड'. ती म्हणाली, "काकू, नुसतं लाकूड एवढ्या लांब?" मी म्हटलं, "शिक्का मार."

आलं की हातात घे. आधी वरून थोपट, बाबांचा पाय जिथे पडला त्या बाजूने. मग उलटं कर आणि अंगठा दाब, घाबरू नकोस, सहज जातो आत. उघडण्याआधी खाली कागद अंथर, भुसा फार पडतो.

ताई